सातव्या धड्यातली चौकट

प्रिय ताई,

आईचा गुडघा आता बराच बरा आहे आणि तुझ्या खोलीवर मी अजून कब्जा केलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आमच्या कॉलेजात माध्यम कायद्याचं पाठ्यपुस्तक एकदाचं ठरलं. समितीत आम्ही तिघं: विभागप्रमुख, मी आणि पुस्तक न उघडताच मान डोलावणारे ग्रंथपाल. मला नवं, सुटसुटीत पुस्तक हवं होतं. विभागप्रमुखांना ते जाडजूडच हवं, कारण सगळीकडे तेच चालतं. किचकट भाषा, जुने दाखले, बारीक टाइप, मी सगळं बोलून पाहिलं. खरं कारण तेवढं तोंडातून निघेना. त्या पुस्तकाच्या सातव्या धड्यात, बदनामीच्या प्रकरणांमध्ये, एका चौकटीत तू आहेस.

नाव नाही, 'एक महिला वार्ताहर' एवढंच. रुग्णालयाच्या नव्या इमारतीला भेगा पडल्याची बातमी दिली, माहिती देणाऱ्याचं नाव सांगायला नकार दिला, पुरावा उभा राहिला नाही, माफी मागावी लागली. खाली प्रश्न: वार्ताहराचं काय चुकलं? पाच गुण! ताई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं कागद दिले त्याची नोकरी जाऊ नये म्हणून तू सगळं अंगावर घेतलंस, त्याबद्दल एक ओळ नाही. ती माझी बहीण आहे असं म्हटलं असतं, तर विषय माझ्याकडून काढून घेतला असता आणि चौकट दुसऱ्या कुणीतरी जशीच्या तशी शिकवली असती. म्हणून त्याच पुस्तकावर मुकाट्यानं सही केली. इकडे आड, तिकडे विहीर.

लहानपणी माझे निबंध तू मोठ्यानं वाचायचीस आणि त्यातल्या थापा माझ्या मलाच ऐकू यायच्या. परवा रिकाम्या वर्गात ती चौकट मी तशीच वाचून पाहिली. शेवटची ओळ न वाचताच पुस्तक मिटलं. तुला तर बोलायचीच बंदी. या प्रकरणावर चकार शब्द काढणार नाही, असं तडजोडीत लिहून दिलंयस, आणि कुणी विचारलं तर काय, या धास्तीनं त्या परक्या शहरात भाषांतरं करत दार लावून बसली आहेस. मला तुझी फार आठवण येते गं.

म्हणून हे पत्र. येत्या बुधवारी सातवा धडा आहे. तू ये. काही बोलू नकोस, शेवटच्या बाकावर नुसती बस. पुस्तकातला प्रश्न मी विचारणार नाही. मी विचारीन, तिनं नाव का सांगितलं नसेल? मग मुलं काय म्हणतात ते तू ऐक. तू कोण आहेस, हे त्यांना कळणार नाही. नाव न सांगणं मी तुझ्याकडूनच शिकले आहे.

तुझीच, बुधवारी दाराकडे बघत शिकवणारी,
धाकटी