विहिरीला पाणी येईपर्यंत

वडूज, १० फेब्रुवारी १९७३

चि. मनूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी सांगते, तुझा दादा आकाराम लिहितो. लढाईत सुरुंगावर पाय गेला, हात शाबूत हायेत, म्हणून हे काम त्याला. मिल्ट्रीनं दिलेल्या कुबड्यांवर मी वाकळ वाळत घालते. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडतात, हा दिसभर आढ्याकडं बघत पडतो. अंगावरचं मास उतरलंय. परवा मला विचारतो, आजी, विहिरीत पाणी किती हाय? मी म्हटलं, तळ दिसतोय बाबा, उडी टाकलीस तर मरणार न्हाईस, दुसरा पाय मोडशील. हे लिहिताना थांबलाय. मी म्हटलं, लिही, खाडाखोड करायची न्हाई.

तू तिथं कसरतीचं शिकतीस. ह्याला काय खाऊ घालू, काय करू, कळीव. मिरगाला विहीर भरंल, त्याआधी.

लोभ आटू देऊ नको, विहीर आटली तेवढी पुरे.
साळूबाईचा अंगठा

विश्रामबाग, सांगली, २० फेब्रुवारी १९७३

ती. आजीस मनूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. पत्र वाचून तशीच आमच्या कॉलेजच्या बाईंना विचारून आले.

दादाला खाटेच्या काठावर बसव. दोन्ही हात टेकून अंग वर उचलायचं, जमेल तेवढंच. आमच्या बाई सांगतात, कसरतीनं स्नायूंचे धागे बारीक बारीक फाटतात आणि विश्रांतीत, अन्नावर पुन्हा सांधतात. म्हणून कसरतीनंतर मूठभर दाणे द्यावेत. बदाम, अक्रोड, नाहीतर आपले शेंगदाणे. दुखणं लवकर ओसरतं असं दिसतं, पण अगदी खात्री त्याही देत नाहीत. नुसते दाणे खाऊन मात्र काही होत नाही. आधी अंग दुखावं लागतं.

दादा, आधी हे तूच वाचणार. माझ्यासाठी कर.

माझ्या वाटणीचा लोभ थोडे दिवस दादाला दे.
तुझी मनू

वडूज, ३० मार्च १९७३

चि. मनूस आशीर्वाद. वि. वि. बदाम आपण लग्नातसुद्धा मोजून बघतो. घरात बियाच्या शेंगा तेवढ्या होत्या, तेच पोतं उसवलं. तुझा बाप म्हणाला, बी खाल्लं तर पेरायचं काय? मी म्हटलं, पोरगं गेल्यावर बी काय उंदरांसाठी ठेवू?

कसरत न्हाई तर दाणे न्हाईत, असा कायदा केलाय. पहिल्या दिशी हा हलला न्हाई, मी दाणे दिले न्हाईत. दुसऱ्या दिशी अंग उचललं, धापकन पडला आणि मला आईवरनं शिवी घातली. लय बरं वाटलं.

पण पाऊस कवा, हे रोज विचारतो.

साळूबाईचा अंगठा

वडूज, २ जुलै १९७३

चि. मनूस आशीर्वाद. वि. वि. आकारामाचे दंड भरलेत. शेजाऱ्यांनी भुईमूग पेरला, आपलं रान मोकळं हाय. विहिरीला पुरुषभर पाणी आलंय.

आता तो कुबड्यांवर तिथवर जातो. ताकद मीच आणली पोरी, ती त्याला कुठं नेईल ते माझ्या हातात न्हाई. मागच्या आठवड्यात काठावर बसून लय येळ पाण्यात बघत होता. मी शेंगा घेऊन शेजारी बसले, सोलत ऱ्हायले. मग म्हटलं, बसलाच हाईस तर पोहरा टाक. टाकला. तवापासनं घरचं पाणी तोच शेंदतो. मी रोज शेजारी बसते. शेंगा संपल्यात, नुसती टरफलं मोडते, त्याला राखण वाटू नये म्हणून.

हे लिहिताना तो थांबला न्हाई.

लोभ ऱ्हावा, आणि आमी बी.
साळूबाईचा अंगठा

ता. क. मनू, टरफलं रिकामी आहेत हे तिनं आज लिहायला सांगितलं, पण मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तिला सांगू नकोस. उद्याचं पाणी शेंदायचंय. — आकाराम