ती बाई तुझी आजी नव्हे

पॅरिस, रविवार, ११ जानेवारी १९१४

चिरंजीव ओदिल हिला,

तुला आणि तुझ्या घरातल्यांना आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी फार पडलीय, तुझ्या बाबांचा खोकला आहे तसाच. खालच्या मादाम पिशोंनी मांजर पाळलंय, पण झोपायला येतं ते आमच्या दारात. चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि मांजराचं काय सांगत बसलेय! पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये.

बाबा संग्रहालयात पहारा देतात त्या दालनातलं, चोरीला गेलेलं हसऱ्या बाईचं चित्र परत आल्याचं तू वाचलं असशीलच. तू लहान होतीस तेव्हा आपण रविवारी त्यांना भेटायला तिथे जायचो. जाणकार मंडळी सोडली तर त्या बाईसमोर कोण थांबायचं? लोक समोरच्या मेजवानीच्या भल्यामोठ्या चित्राकडे बघायचे आणि हिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. तू तर एकदा म्हणाली होतीस, "हिला बहुतेक दात नाहीत, म्हणून तोंड मिटून हसते."

आणि ती नाहीशी झाली मात्र, सगळं जग तिच्यामागे वेडं झालं. रोज वर्तमानपत्रात तिचा चेहरा. चॉकलेटच्या डब्यावर ती, कॅफेतल्या गाण्यात ती. रिकामी भिंत बघायला लोक रांगा लावायचे. मीही गेले होते. खिळे आणि धुळीचा चौकोन, एवढंच होतं. माझ्या शेजारी एक बाई रुमालाने डोळे पुसत होती. मी विचारलं, "तुम्ही पाहिली होती का हो?" म्हणाली, "छे, कधीच नाही." मला काही उमगेना. पण मलाही रडू आलं. माझं कारण वेगळं होतं.

ते आता सांगते. चोरी झाली त्या सोमवारी संग्रहालय बंद होतं, तरी तुझे बाबा पहाटे गणवेश घालून कामावर गेले. संध्याकाळी परत आले, सूप प्यायले, झोपले. दोन दिवसांनी पोलीस दारात. साहेबाने विचारलं, "मादाम, सोमवारी तुमच्या यजमानांनी पोटदुखीचा निरोप पाठवला होता. ते घरीच होते ना?"

मी म्हटलं, "हो, दिवसभर अंथरुणात."

तोंडातून कसं निघालं, देव जाणे. बाबा खिडकीपाशी उभे होते, त्यांनी मान वळवली नाही. साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोबी शिजला का?" बस. मीही त्यापुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी उत्तर दिलं असतं तर?

ते बाहेर गेले की मी घर धुंडाळायचे. कपाटामागे, कोळशाच्या पेटीत. एकदा तर गादी उसवून आतली लोकर उपसली आणि पुन्हा शिवली. हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात दुसऱ्याची छत्रीसुद्धा उचलली नाही! तरी रात्री त्यांच्या शेजारी पडलं की वाटायचं, हा कोण आहे? दोन वर्षं गेली अशी.

मग गेल्या महिन्यात बातमी आली. चित्र फ्लॉरेन्सला सापडलं, चोर कोणी इटालियन कामगार. बाबा मोठ्याने वाचत होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले.

"अगं, चित्रच सापडलंय, कोणी मेलं नाही!"

"मला वाटलं होतं, तुम्हीच..."

आधी हसले. मग हसू मावळलं. "दोन वर्षं चोर समजून वाढलंस मला?" मी गादीचं सांगितलं. म्हणाले, "अगं वेडे, ते लाकडी फळीवर रंगवलंय. गादीत फळी असती तर पाठ मोडली असती तुझी!"

"मग त्या सोमवारी होतात कुठे?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मोंत्रईला. ओदिलकडे. लहानगीला गोवर निघाला होता."

ओदिल, तू चर्चमध्ये लग्न न लावता त्या ट्रामवाल्याबरोबर राहायला गेलीस, तेव्हा या घरात तुझं नाव काढायचं नाही ही शपथ कोणी घातली? त्यांनीच ना? मी ती पाळली. तुला मुलगी झाल्याचं बाजारात ऐकलं, आणि घरी येऊन मुकाट्याने बटाटे सोलले. आणि हे सोमवारी तुझ्याकडे जात होते! नोकरी गेली असती, तुरुंगात गेले असते, पण मला सांगणं त्यांना जमलं नाही. म्हणतात, "शपथ मीच घातलेली. कोणत्या तोंडाने सांगू?"

आता त्यांना मिठी मारू की घराबाहेर काढू? तूही काही कळवलं नाहीस. तुमच्या दोघांवर रागावलेय, आणि मनातून इतकं हलकं वाटतंय की त्याचाच राग येतोय.

काल त्यांनी आणखी एक कबूल केलं. तुझी मार्त सारखी विचारायची, आजी कशी दिसते. तुझ्याकडे माझा फोटो नाही. यांच्या खिशात त्या चित्राचं पोस्टकार्ड होतं, तेच दिलं काढून. म्हणून माझी नात रोज झोपताना त्या परक्या बाईला पापा देते म्हणे!

आज मी रांगेत उभी राहून तिला पाहून आले. गर्दीने क्षणभरच थांबू दिलं. माझ्यासारखं तिच्यात काय आहे, ते शोधत होते. काहीच नाही गं. माझं नाक केवढं!

उद्या सोमवार. मी यांच्याबरोबर येतेय. मार्तला आधी काही समजावू नकोस. मला बघून घाबरली, रडली, तर रडू दे. मी दारात थांबेन, तिला हवा तेवढा वेळ.

जिचा चेहरा तुझ्या लेकीने अजून पाहिलेला नाही, ती
तुझी आई