निळे पाय

१२ नोव्हेंबर २००७
आजपासून रोजनिशी. लिहिणारा माणूस शिस्तीत राहतो, म्हणजे डायबिटीस आपोआप आटोक्यात. पौर्णिमेला आमच्या जैन महाराजसाहेबांचा चातुर्मास संपतो. घोडेगावहून मंचरपर्यंत त्यांचा पायी विहार. कापडाचं दुकान मुलगा जिनेश सांभाळेल. मी अनवाणी, सगळ्यांच्या पुढे. ठरलं.

१४ नोव्हेंबर
रस्त्यावर खडी पसरलीय. आमचं जुनं गिऱ्हाईक चिमाजी चपला घालूनही ‘आई गं’ करत होता. मी देरासरापर्यंत, मंदिराच्या पायरीपर्यंत अनवाणी, सरळ. चिमाजी म्हणाला, शेठ, तुमी लई धीराचं! घरी बायकोला, उगमला सांगितलं, तपाचं फळ. ती म्हणाली, अहो, तप कसलं, पाय बधीर झालेत, रोज तळवे बघत जा. तळवे काय बघायचे? खालीच असतात. शिवाय पोट आडवं येतं.

१७ नोव्हेंबर
चालताना टकटक आवाज. नवी फरशी पोकळ बसली. सावळेराम गवंड्याला झापलं. म्हणतो, शेठ, तुमी चाललं की वाजती, बाकी कुनी चाललं तर नाय वाजत. उर्मट.

१९ नोव्हेंबर
जिनेशने माझं नाव शिबिरात घातलं. गुरुवारी शिनोलीला, पुण्याच्या डॉक्टरीणबाई कॅमेऱ्याने पायांच्या उष्णतेचा फोटो काढणार. आतून सूज असेल तिथे पाय गरम, फोटोत लाल. थंड असेल तिथे निळा. उगमची अट: फोटो चांगला आला तरच विहार. त्यात काय!

२२ नोव्हेंबर, सकाळ
दोन्ही पाय फ्रीजच्या पाण्यात बुडवून बसलोय. याला फसवणूक म्हणत नाहीत, तयारी म्हणतात. आता टॉवेल, मोजे, जीप.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
फोटो झकास! दोन्ही पाय निळेशार. मी उठायलाच लागलो. बाईंनी पायाला हात लावला. म्हणाल्या, काका, बर्फातून आलात का? मोजे काढून स्वस्थ बसवलं. अंगात ऊब आल्यावर पुन्हा फोटो. उजवा ठीक. डाव्या अंगठ्याखाली लालभडक. पाय उलटा केला तर टाचणी. आमच्याच दुकानातली, शर्टाच्या घडीला लावतो ती. अख्खी आत, फक्त डोकं बाहेर, भोवती पू. बाईंनी विचारलं, कधी टोचली? मी विचारलं, काय टोचली?

बरोबर आलेल्या उगमने विचारलं, पाय वाचेल ना? बाई म्हणाल्या, आज आलात म्हणून. पाय जमिनीला टेकवला तर अंगठा जाईल.

कॅमेरा जरा जास्तच तिखट होता.

२४ नोव्हेंबर, पौर्णिमा
विहार निघाला. दुकानाच्या पायरीवर बसून हात जोडले, पाय स्टुलावर. चिमाजी पुढे होता. चपला घालून. पुढच्या वर्षी मी थेट नारायणगावपर्यंत जाणार, लिहून ठेवतो.

संध्याकाळी उगम जखम धुवायला बसली. औषध झोंबणार म्हणून डोळे घट्ट मिटले, दात आवळले. वाट बघितली. शेवटी ओरडलो, अगं, कर की एकदाचं सुरू! डोळे उघडले तर ती पट्टीची गाठ मारत होती.

फार घाबरलो.