पाच विसा पंधरा

गुरुजी, काल बेल्ह्याच्या बाजारात गेले होते. म्हणजे जायचं होतं आळ्याला, पण टेम्पोवाला ओळखीचा निघाला, बसले. तिथं एक व्यापारी मेंढरं मोजताना चुकला. मी मधेच बोलले, "पावणं, दोन कमी धरलीत." चारचौघांत बोलले, आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

तुमच्याआधीचे मास्तर ज्याला येत नाही त्याला दाराशी, चपलांजवळ बसवायचे. तिसरीपर्यंत माझी जागा तीच. वर्षातले चार-पाच महिने आम्ही मेंढरांमागं कोकणात, परत यावं तर पोरं पुस्तकाच्या शेवटाला पोचलेली. उद्यापासून यायचंच नाही, असं ठरवून मी त्या सकाळी आले होते. तुम्ही नवे. फळ्यावर सदुसष्ट अधिक अठ्ठेचाळीस. माझ्या पाटीवर पाच आणि पंधरा, सुटे सुटे. शेजारची पोरं वाकून बघतायत, हसतायत. तुम्ही फुली मारली नाहीत. तुमची रीतच तशी, बरोबर असो की चूक, आधी कसं केलं ते सगळ्यांना सांगायचं. मी उभी राहिले.

"तीन विसा सात, दोन विसा आठ. पाच विसा पंधरा झालं. आमी मेंढरं अशीच मोजतो."

"गुरुजी, हिला मेंढरंच मोजू द्या की," पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला.

"मोजू दे. तू मोजशील तिच्याइतकी?" तुम्ही म्हणालात, आणि मग अख्खा वर्ग विसांनी बेरजा करत बसला. पाच विसा म्हणजे शंभर, वर पंधरा, हे तुम्ही फळ्यावर माझ्याच हातानं लिहून घेतलंत. तो पोरगा अडला तर माझ्याकडंच आला, "सांग ना राव." दुसऱ्या दिवशी चपला बाहेर गेल्या आणि मी आत, पोरींच्या रांगेत. यायचं नाही ठरवलं होतं, तरी मी आलेच होते.

मी फार शिकले नाही. पण आजही बँकेत, एसटी स्टँडवर, कुठंही, "मला येत नाही, दाखवा" म्हणायला जीभ अडत नाही. हे तुमचं देणं.

आता एक सांगते. सातवीनंतर "बाप पाठवत न्हाई" म्हणाले मी तुम्हाला. तुम्ही सायकल मारत डिंगोऱ्याच्या रानात आलात, मेंढरांसमोर बापाला लई बोललात. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. तो पाठवत होता, गुरुजी. मलाच एका जागी बसवत नव्हतं.