चांदण्यातला वेळू

माघ शु. २, सिकंदराबाद

आज उस्तादला बोललोच. चार वर्षं झाली या दुकानात. हॉकीच्या काठ्यांना दोरा गुंडाळायचा, बॅटीला तेल पाजायचं, साहेब लोकांच्या गळाच्या काठ्या मोडून आल्या की त्यांना कड्या बसवायच्या. सगळं दुसऱ्याचं मोडलेलं. अख्खी काठी माझ्या हातानं अजून एकबी न्हाई झाली.

मागल्या हप्त्यात जालन्याहून पार्सल आल्तं. तिथल्या रिटायर मुन्सफ साहेबांची मासे धरायची इंग्लिश छडी, मधोमध चिरलेली. उस्ताद म्हणले, ये मर गई, वापस भेज दो. मी म्हणलं, मी तिकडचाच हाय, नवी करून देतो. दुकानातले हसले. उस्ताद न्हाई हसले.

"अमावस तक छुट्टी. छड़ी बनी तो वहीं बैठ, अपनी दुकान लगा. नै बनी तो यहाँ आके चुप बैठना. फिर ये बात नै निकालना."

बराबर हाय. कबूल.

सोबत घेतलं: चिरलेल्या छडीचा पितळी जोड (शाबूत हाय), दोन कानशी, चाकू, उस्तादचा लहान रंधा. रंधा परत पाहिजे म्हणले. बाकी सामान जालन्यात मिळवीन. का न्हाई मिळणार.

माघ शु. ४, जालना

अक्काकडं उतरलो. दाजी कापसाच्या जिनिंगवर कामाला. अक्का म्हणली, "नोकरी सोडून आलास का सुट्टीवर?" म्हणलं, अमावस्येला सांगतो.

दुपारी मुन्सफ (मु.) साहेबांकडं. गोरे, बारीक, पानाची डबी. माझ्याकडं बघून म्हणले, "मुझे छड़ी चाहिए, मियाँ. लाठी तो मेरे चपरासी के पास भी थी."

वद्य १३ ला ते शहागडला निघणार. गोदावरीच्या डोहावर तीन दिवस मुक्काम, मरळ मासे धरायला. औरंगाबादचे चार दोस्त संग येतात, दर साली. म्हणले, छडी चांगली निघाली तर त्या चौघांनाबी लागतील. म्हणजे पाच काठ्या. पाच काठ्यात दुकान सुरू होतं.

पुरते दिवस हायत.

माघ शु. ६

बुरूड गल्ली. सगुणाबाई म्हणून म्हातारी बुरडीण, दारात बसून सूप विणून राह्यली होती. म्हणलं, भरीव वेळू पाहिजे, अंगठ्याएवढा, सरळ.

न बघता म्हणली, "कधी तोडलेला?"

मी म्हणलं, तोडलेला पाहिजे, कधीबी का असेना.

मंग मान वर केली. "डाव्या हाताचा ढीग चांदण्या पाखातला, चंद्र वाढताना तोडलेला. मांडवाला जातो. मांडव चार दिवसाचा, त्याला चालतो. टिकाऊ कामाला अंधाऱ्या पाखातला लागतो बापू. तो संपला. अमावस्येला माझा लेक टेंभुर्णीला जाणार हाय तोडायला, तवा ये."

अमावस्येला येऊन काय करू. डाव्या ढिगात असे वेळू होते की काय सांगू. पिवळे धम्म, पेरं लांब, वाकवला की सापावाणी. दोन उचलले. म्हातारी म्हणली, "चांदण्यातला वेळू गोड असतो. तुला न्हाई कळत, किड्याला कळतं."

सिकंदराबादला साहेब लोक कोणता चंद्र बघून काठी घेतात? हसू आलं. वर वार्निश बसणार, किडा शिरणार कुठून.

माघ शु. ८

रेशीम मिळालं. सराफ्यात पाटवेकरी बसतो, दागिने रेशमात ओवणारा. बारीक पीळ मागितला तर म्हणला, कोणता दागिना? म्हणलं, गळाची काठी. त्याला वाटलं चेष्टा. मंग त्याच्याच पेन्सिलीवर पितळी कडी ठेवून दोरा गुंडाळून दाखवला, टोक आतल्या आत ओढून घेतलं, गाठ कुठंच न्हाई.

बराच वेळ बघत बसला. "हे तर आमचं काम," म्हणला. "तू कोणाचा?"

म्हणलं, कोणाचाच न्हाई, शिकलेलो हाय.

लाल अन् हिरवं, दोन लडी दिल्या. जांभळ्याची अर्धी लडी वरून दिली, मागितली नव्हती.

माघ शु. ११

मुठीला बूच पाहिजे. इथं बुचाचं लाकूड कुठलं. दवाखान्यातल्या कंपौंडरनं औषधाच्या बाटल्यांची जुनी बुचं दिली, ओंजळभर. मधी भोक पाडून एकामागं एक ओवली, सरसानं चिकटवली, कानशीनं गोल केली. मुठीला हिवतापाच्या औषधाचा वास हाय. जाईल.

कड्या तांबटाच्या तारेच्या. शेंड्याची कडी पितळी चालत न्हाई, दोरी घासून घासून कापती. अकीकाच्या दगडाची पाहिजे. बाजारात फकीर लोकांचे खडे विकणारा बसतो, त्याच्याकडं भोकाचा एक मोठा मणी सापडला. गुळगुळीत.

वार्निशला जवसाचं तेल अन् राळ अंगणात कढवली. अक्का नाक धरून: "मासा अजून पाण्यातच हाय अन् वास घरात."

माघ पौर्णिमा

झाली.

दोन तुकडे, मधी पितळी जोड. बसवताना फुस्स करून हवा निघती, असा बराबर बसला. शेंड्याला ज्वारीची पिशवी बांधून उचलली, पाच शेर. कमान झाली. पिशवी सोडली की परत सरळ, सुतासारखी. दाजी दोनदा उचलून बघून म्हणले, "तू केली?"

वार्निशचे अजून दोन हात द्यायचे. भिंतीला उभी केली. बघतच बसावं वाटतं.

वद्य ३

सकाळी अक्का झाडून राह्यली होती. "गणू, इथं पीठ कोणी सांडलं? दळण तर आतल्या घरात हाय."

काठीच्या बुडाशी. एक चिमूटभर, पांढरं, मैद्यासारखं. मी बोटानं उचललं अन् कळलं.

काठी वर धरली, झटकली. आणखी पडलं. दुसऱ्या पेरावर टाचणीएवढं भोक, वार्निश फोडून आतून बाहेर. किडा शिरलेला न्हाई, निघालेला. आधीपासून आतच होता. जांभळ्या रेशमाखाली आणखी दोन.

आज वार्निशला हात लावला न्हाई, जेवलो न्हाई.

वद्य ३, दिवेलागणीला

भोकात मेण भरता येतं. वर वार्निशचा एक हात. कोणाला दिसणार न्हाई, मु. साहेबांना तर बिलकुल न्हाई. शहागडचे तीन दिवस टिकली असती. मला तीनच दिवस पाहिजेत.

पण चौथ्या दिवशी? मंग औरंगाबादचे चार जण, त्यांच्या चार काठ्या, अन् पावसाळ्यात पाची काठ्यांचं पीठ. मी इथंच बसणार हाय ना. जालन्यात बसायचं असलं तर...

काठी मोडली. गुडघ्यावर. आवाजसुद्धा बरा न्हाई आला, पोकळ.

वद्य ४

सगुणाबाईकडं गेलो. ती वेळू चिरून कांबी काढून राह्यली होती, मान खालीच.

"पीठ पडलं का?"

"पडलं."

"माझं बोलणंच दळून आणलंस म्हण की."

मी उभाच. म्हणली, बस. चुलीवरच्या माळ्यावरून एक वेळू ओढून काढला. धुरानं काळा, बोटाला काजळी. तिच्या मालकानं तोडलेला, अमावस्येचा, चार वर्षं धुरात.

"म्हातारपणी हातात काठी पाहिजे म्हणून ठेवला होता त्यानं. म्हातारपण आलंच न्हाई." मंग म्हणली, "पैशे नको. लगीनसराई हाय, लेक एकटा पुरत न्हाई. पाच दिवस कांबी काढून दे."

पाच दिवस. तेरसला फक्त नऊ उरलेत. हो म्हणलं.

वद्य ६

बोटं फाटली. लेखणी धरवत न्हाई.

वद्य ८

चार वर्षं उस्तादकडं होतो, हे कोणी सांगितलं न्हाई: चाकू हलवायचा न्हाई, वेळू पुढं सारायचा. फाट एका अंगाला पळाली की जाड बाजू वाकवायची, मंग आपसूक मधी येती. म्हातारी डोळे झाकून करती. आज माझ्याबी चार कांबी शेवटापर्यंत सरळ गेल्या. बघितलं तिनं. चहा दिला.

काठीचं काम संध्याकाळचं. जोड, कड्या, मूठ, अकीक, सगळं जुन्यावरून काढलं. रेशीम तेवढं नवं लागलं. पाटवेकऱ्यानं विचारलं, पहिली कुठं गेली? म्हणलं, किड्यानं खाल्ली. म्हणला, "शिकलेला हायस ना?"

बरोबर बोलला.

वद्य १३

वार्निशचे दोनच हात झाले, चार पाहिजे होते. सकाळी नेऊन दिली.

मु. साहेब: "ये काली क्यों है?"

"धुरातली हाय साहेब. हिला किडा लागत न्हाई." पहिलीचं काय झालं तेबी सांगितलं. सगळं.

काठी जोडली, हवेत एकदा फिरवली, परत फिरवली. अकीकावर बोट घासलं. मूठ हुंगली. "क्विनाइन?" म्हणले. टांगा उभाच होता, घेऊन गेले.

माघ अमावस्या, टेंभुर्णी

कालच बैलगाडीनं आलो, सगुणाबाईच्या लेकासोबत. इथल्या एका पाटलाच्या बांधावर वेळूचं बेट हाय. आज दिवसभर तोडला.

सुट्टी आज संपली. सिकंदराबादची गाडी दुपारची होती, जालन्याहून सुटली असंल. शहागडची काही खबर न्हाई. मासा लागला का न्हाई, काठी राह्यली का गेली, मला इथं कळायचा रस्ताच न्हाई. उस्तादचा रंधा पिशवीत हाय. हातानं न्यायचा का पार्सलनं धाडायचा, ते ठरलं न्हाई.

सगुणाबाईच्या लेकानं विचारलं, "साहेबाचा निरोप आला न्हाई, मंग एवढे कशाला तोडतो?"

म्हणलं, निरोप कधीबी येईल. अमावस्या महिन्यानं येती.

अठरा झाले. अंगठ्याएवढे, भरीव, अक्काच्या चुलीवर मावतील का बघावं लागंल, तिला अजून विचारलं न्हाई. बेटाच्या पलीकडच्या अंगाला आणखी दोन चांगले हायत. अमावस्या उद्या सकाळपर्यंत हाय. उजाडल्याबरोबर जातो.