मजा : अर्थ पहिला

४ मार्च

'मजा'ची नोंद पुन्हा परत आली! आमच्या शब्दकोशाचे संपादक – कचेरीत आम्ही त्यांना कात्री म्हणतो – म्हणाले, "आनंद, गंमत हे शेंबडं पोरही सांगेल. शब्द आला फारसीतून. तिथे मुळात त्याचा अर्थ चव. तो अर्थ आपल्याकडे अजून जिवंत आहे का? असेल तर वाक्य आणा. कानावर पडलेलं. टेबलावर रचलेलं चालणार नाही."

कुठून आणू? घरी चवीचं नाव काढायची सोय नाही.

५ मार्च

गळ्यावरच्या किरणोपचारांनंतर ताईच्या जिभेला काही कळत नाही. भुसा चघळल्यासारखं वाटतं, म्हणते. डॉक्टरांनी बजावलंय – वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी. म्हणून ती डोळे मिटून गिळते आणि वर मला सांगते, "छान झालंय हं." छान! माझ्या स्वयंपाकाला जन्मभर नावं ठेवली हिने. ती आता माझी समजूत काढते. डोकंच फिरतं.

८ मार्च

ताईने सूप संपवलं. "छान." मग मी वाटी घेऊन बसलो – मीठच घातलं नव्हतं. पाणचट, घशाखाली उतरेना. आणि ही बाई शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली!

वाटी सिंकमध्ये आपटली. ताई दचकून बघत राहिली. तिचा काय दोष? पण घरात चिडायला दुसरं आहे कोण.

११ मार्च

वजन पुन्हा उतरलं. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी ठरवू." दुपारी कात्रींचा निरोप – "वाक्याचं काय झालं?"

खड्ड्यात गेलं वाक्य. भीती वाटते मला.

१२ मार्च

ताईने आज अर्धी वाटी तशीच ठेवली. मी ती झाकून ठेवली.

१४ मार्च

सकाळी घाईत सुपात मीठ दोनदा पडलं असणार. पहिल्याच चमच्याला ताईने तोंड वाकडं केलं. वाटी लांब सरकवली.

"खारट ढोण केलंस रे! चाखून घालायला काय होतं तुला? सगळी मजा घालवलीस सुपाची."

मी डाव हातात धरून तसाच उभा. म्हटलं, "ताई, परत बोल."