मामाची सनई

नळदुर्ग, ता. २२ मार्च १९४३

चि. शिवशरण यास रुद्रम्माअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागव्वाचं लग्न ठरल्याचं कळवलं, तुझं उत्तर नाही. सनईवाल्याचा दम लांब असतो हे ठाऊक आहे, पण इतका? व्याही विरुपाक्षप्पा सोलापूरहून बँड आणणार म्हणतात. त्यात क्लॅरिनेट आहे म्हणे, काळी नळी नि तिला चकचकीत बटणं. मी ठणकावून सांगितलं, अक्षता पडताना माझ्या भावाचीच सनई वाजेल. आता माझी अब्रू तुझ्या हाती.

इकडे सर्व खुशाल. लोभ आहेच, तो न्यायला लवकर ये.

तुझी अक्का

मुरुम, ता. ३० मार्च

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

बँड येऊ द्या. संक्रांतीला माझे वरचे पुढचे दोन दात पडले. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरली की फटीतून वारा जातो. त्यानंतरच्या सोमवारी देवळात वाजवायला बसलो, तर नुसती शिट्टी निघाली. पुजारी ईरण्णानं कुत्री जमतील म्हणून बजावलं. तेव्हापासून सनई पेटीत आहे. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

मामा म्हणून नागीच्या मागं उभा राहीन, तेवढं पुरे. दाजींना सांगू नका, जन्मभर हसतील. माया असू द्यावी, आग्रह नको.

आपला शिवशरण

नळदुर्ग, ता. ६ एप्रिल

चि. शिवशरण यास आशीर्वाद. वि. वि.

दाजींना सांगितलं. पोटभर हसले, मग तुझ्या सनईवाचून मांडव मुका वाटेल म्हणाले. नागी तर रुसलीच. तिचं म्हणणं, मामा मागं उभा राहणारच आहे, तर तिथूनच वाजवावं. एकच सूर धरला तरी चालेल, पण मामाचा हवा.

क्लॅरिनेटवाले हैदरमियाँ बँडचं ठरवायला आले होते. त्यांनाही पुढचे दात नाहीत! वरचा ओठ आत दुमडून हिरडीवर दाबतात म्हणे. सनईला जमेल का, ते तुलाच करून बघावं लागेल म्हणाले. शिट्टी निघालीच तर मुरुमला अशीच वाजवतात म्हणून मी व्याह्यांना सांगीन.

वाट पाहणारी,
अक्का

मुरुम, ता. १४ एप्रिल

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

रोज करून पाहतोय. तान निघत नाही, पण एक सूर न फुटता निघतो नि टिकतो. काल ईरण्णा गाभाऱ्यातून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला, कुत्र्यांचं नावही काढलं नाही. तेवढाच सूर घेऊन येतो. वरची तान हैदरमियाँनी घ्यावी.

नागीला मात्र निक्षून सांगा, अक्षता पडताना मागं वळून माझ्याकडं पाहू नको. मला रडू येईल, आणि रडताना फुंक धरता येत नाही.

आपला शिवशरण